रेड क्लाउड : गाव आधी सांभाळलं, पर्यटक मागून आले

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याच्या दक्षिण कडेला, कॅन्ससच्या हद्दीपासून जेमतेम दहा किलोमीटरवर, रिपब्लिकन नदीच्या उत्तर काठाला रेड क्लाउड हे गाव आहे. २०२० च्या जनगणनेत इथे ९६२ माणसं मोजली गेली. गावाला समुद्र नाही, डोंगर नाही, देवस्थान नाही. हमरस्ता म्हणावा असा आय-८० बराच उत्तरेकडून निघून जातो. लांब पल्ल्याची प्रवासी रेल्वे साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या हेस्टिंग्जला थांबते, तीही मध्यरात्र उलटल्यावर. चहूकडे मका, सोयाबीन, गुरांची कुरणं आणि वारा. पर्यटन खात्याच्या कुठल्याही अधिकाऱ्याने नकाशावर बोट ठेवून हे गाव निवडलं नसतं.

तरीही इथे माणसं येतात, जगभरातून येतात, आणि येतात ती एका लेखिकेसाठी. विला कॅथर यांचं बालपण या गावात गेलं. गवताळ प्रदेशातल्या एखाद्या आडगावाने वारशाच्या जोरावर पर्यटन कसं उभं करावं याची उदाहरणं शोधताना मी वारंवार रेड क्लाउडकडेच येतो. कारण इथे पर्यटनाचा आराखडा आधी झाला नाही. आधी काही माणसांनी खऱ्या वस्तू, खरी घरं आणि खरी जमीन विकत घेऊन सांभाळली. पर्यटन हा शब्द गावात रुजला तो त्यानंतर काही दशकांनी. हा क्रम फार महत्त्वाचा आहे असं मला वाटतं, आणि आपण नेमका तोच उलटा करतो.

ओसरत गेलेला तालुका

आधी गावाची परिस्थिती. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने पाच वर्षं जमीन कसणाऱ्याला १६० एकर मिळू लागली आणि या पट्ट्यात झेक, स्वीडिश, नॉर्वेजियन, जर्मन, डॅनिश कुटुंबं उतरली. लाकूड मिळेना म्हणून त्यांनी गवताच्या मुळांसकट मातीच्या जाड लाद्या कापल्या आणि त्यांचीच घरं रचली. सायलस गार्बर या माजी सैनिकाने १८७० च्या सुमारास रेड क्लाउडची वसाहत मांडली. पुढे तो राज्याचा गव्हर्नर झाला. रेल्वे आली, बँक आली, ऑपेरा हाउस आलं. १८९० मध्ये वेब्स्टर काउंटीत, म्हणजे रेड क्लाउड ज्यात येतं त्या तालुक्यासारख्या विभागात, अकरा हजारांवर माणसं होती. आज ती साडेतीन हजारही नाहीत.

लोक एका रात्रीत गेले नाहीत. १८९० च्या दशकातला दुष्काळ, १९३० च्या दशकातली धुळीची वादळं, १९३५ चा रिपब्लिकन नदीचा शंभरावर बळी घेणारा महापूर, आणि या सगळ्यांहून चिवट असं एक कारण म्हणजे यंत्र. जिथे दहा कुटुंबं राबायची तिथे एक कुटुंब मोठा ट्रॅक्टर घेऊन पुरे पडू लागलं. शेत पिकतंच आहे, गाव मात्र रिकामं होतंय. प्रेअरीतल्या, म्हणजे या गवताळ मैदानातल्या, जवळपास प्रत्येक काउंटीची कहाणी हीच आहे. पर्यटनाकडून काय अपेक्षा ठेवायची हे ठरवताना ती विसरून चालत नाही.

सहा नावांचं एक गाव

विलाचा जन्म ७ डिसेंबर १८७३ चा, व्हर्जिनियातला. १८८३ मध्ये नऊ वर्षांची असताना ती घरच्यांबरोबर नेब्रास्कात आली. वर्ष-दीड वर्ष रिपब्लिकन आणि लिटल ब्ल्यू या नद्यांमधल्या उंचवट्यावर, ज्याला स्थानिक लोक ‘डिव्हाइड’ म्हणतात, आजी-आजोबांच्या शेतावर काढलं. मग कुटुंब रेड क्लाउड गावात भाड्याच्या घरात राहायला आलं. १८९० मध्ये ती शिकायला लिंकनला गेली आणि तिथून पुढे पिट्सबर्ग, न्यूयॉर्क. म्हणजे गावात राहिली सहा-सात वर्षं, पण लिहिताना आयुष्यभर तिथेच परतत राहिली. हॅनोव्हर, मूनस्टोन, ब्लॅक हॉक, फ्रँकफर्ट, स्वीट वॉटर, हॅव्हरफर्ड ही तिच्या सहा कादंबऱ्यांतली सहा गावं, आणि सहाही मुळात रेड क्लाउडच. १९२३ चं पुलित्झर पारितोषिक ज्या कादंबरीला मिळालं तिचा नायकही याच काउंटीतल्या तिच्या चुलतभावावरून घेतलेला. तो मे १९१८ मध्ये फ्रान्समध्ये कँटिनीच्या लढाईत पडला.

गावासाठी हे सोपं नव्हतं. कॅथर यांनी गावाचं प्रेमाने लिहिलं, तसं त्याच्या कोतेपणाबद्दलही लिहिलं. सावकार, गव्हर्नरची बायको, शेजारच्या घरची मोलकरीण, सगळ्यांना नावं बदलून पुस्तकात आणलं. वाचणाऱ्यांना माणसं ओळखू येत होती. ज्याच्या आजोबांचं चित्र वाईट उतरलं त्याने त्या लेखिकेच्या स्मारकाला वर्गणी का द्यावी, हा प्रश्न खराच होता. त्यात कॅथर यांनी शेवटची विश्रांतीही गावात घेतली नाही. १९४७ मध्ये त्या गेल्या आणि त्यांना न्यू हॅम्पशायरमधल्या जॅफ्रीत पुरलं. गावाजवळ समाधीसुद्धा नव्हती.

शिक्षिका, मैत्रीण आणि एक बँक

इथे मिल्ड्रेड बेनेट यांचं नाव घ्यायला हवं. रेड क्लाउडजवळच्या इनाव्हेल या छोट्या वस्तीत त्या शिकवायला आल्या, कॅथर वाचलेल्या होत्या, आणि कादंबऱ्यांतली माणसं आपल्या आजूबाजूला हिंडताहेत हे त्यांच्या लक्षात आलं. बाईंनी विचारपूस सुरू केली. कोण कुठे राहायचं, कुठल्या घराचं वर्णन कुठे आलंय, पत्रं कुणाकडे आहेत, फोटो कुणाच्या पेटीत आहेत. त्या शोधातून १९५१ मध्ये त्यांचं पुस्तक आलं आणि १९५५ मध्ये गावकऱ्यांना बरोबर घेऊन त्यांनी विला कॅथर पायोनियर मेमोरियल ही संस्था काढली. तीच आजची विला कॅथर फाउंडेशन. संस्थापकांत कॅरी मायनर शेरवूड होत्या, विलाची लहानपणापासूनची मैत्रीण. १९१८ ची ‘माय अँटोनिया’ ही कादंबरी जिला आणि जिच्या बहिणीला अर्पण केली ती हीच.

लेखिका जाऊन आठच वर्षं झाली होती, तिला ओळखणारी माणसं हयात होती. गोष्टी आठवणाऱ्यांच्या तोंडून टिपता आल्या, घरं अजून उभी होती, दर परवडणारे होते. वीस वर्षं उशीर झाला असता तर काय उरलं असतं याची कल्पना करवत नाही. संस्थेने गार्बरने बांधलेली १८८९ ची दगड-विटांची बँक घेतली आणि तिथे संग्रहालय मांडलं. मग एकेक वास्तू : बालपणीचं घर, रेल्वेचा डेपो, झेक कुटुंबांचं सेंट ज्युलियाना हे साधं कॅथलिक चर्च, आणि १९२२ मध्ये कॅथर ज्या पंथात रीतसर सामील झाल्या त्याचं ग्रेस एपिस्कोपल चर्च. यातली एकही वास्तू एकटीने बघायला जावी अशी भव्य नाही. पण सगळ्या जागच्या जागी आहेत आणि एका दिवसात बघून होतात. कादंबरी वाचून आलेला माणूस गावात वाट चुकत नाही.

बालपणीच्या घराबद्दल जरा थांबून सांगतो. दीड मजल्याचं, लाकडी, बेताचंच घर. आईवडील, भावंडं, आजी, सगळे त्यातच. माळ्यावर मुलांची झोपायची जागा आणि तिच्याच एका टोकाला विलाने आपल्यासाठी वेगळी करून घेतलेली खोली. गावातल्या औषधाच्या दुकानात ती काम करायची आणि मजुरीपोटी तिने वॉलपेपर घेतला, छोट्या छोट्या गुलाबांचा. तो तिने स्वतःच्या हाताने भिंतीला आणि उतरत्या छताला चिकटवला. तो कागद अजून तिथे आहे. त्याची प्रतिकृती करून लावलेली नाही, तोच आहे, पिवळा पडलेला, कडांना विटलेला. मार्गदर्शक फक्त वर बोट दाखवतो. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला स्वतःची खोली असावी असं वाटलं आणि तिने ती कमावून सजवली, हे समजायला कादंबरी वाचलेली असण्याचीही गरज पडत नाही. १९७१ मध्ये हे घर राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू म्हणून जाहीर झालं. एक कोटीचं ध्वनिप्रकाश दालन जे करू शकत नाही ते हा कागद करतो, आणि त्याला सांभाळायला लागते ती फक्त चिकाटी : छत गळू न देणं, ऊन येऊ न देणं, हात लागू न देणं.

१९७८ मध्ये मुख्य वास्तू राज्याच्या इतिहास संस्थेकडे गेल्या. गावातल्या छोट्या संस्थेला डागडुजीचा बोजा झेपत नव्हता, त्यामुळे त्या काळात हा निर्णय बरोबरच होता. पुढे चाळीसेक वर्षांनी त्या परत फाउंडेशनकडे आल्या. तोवर संस्थेची ताकद वाढली होती. सरकारी मालकी हा कायमचा उपाय मानण्यापेक्षा मधला टेकू मानावा, असं हे प्रकरण पाहून माझं मत झालं आहे.

ऑपेरा हाउस आणि वरच्या मजल्यावरची भाडेकरू कुटुंबं

१८८५ चं ऑपेरा हाउस म्हणजे खाली दुकान आणि वर रंगमंच. रेल्वेने फिरणाऱ्या नाटक कंपन्या इथे उतरायच्या. जून १८९० मध्ये शाळेच्या निरोप समारंभात विलाने इथेच भाषण केलं, अंधश्रद्धा आणि चिकित्सा या विषयावर. सोळा वर्षांच्या मुलीने शवविच्छेदनाची आणि शास्त्रीय प्रयोगांची बाजू भर सभेत घेतली होती. सिनेमाच्या काळात रंगमंच बंद पडला आणि कित्येक दशकं धूळ खात राहिला. २००३ मध्ये तो पुन्हा उघडला.

पर्यटनाच्या दृष्टीने ही पहिली मोठी झेप, आणि ती मुख्यतः गावासाठी होती. घर एकदा बघितलं की बघून झालं, गाणं-नाटक मात्र दर महिन्याला नवं असतं. शाळेचे कार्यक्रम, फिरते कलाकार, चित्रप्रदर्शनं हे गावातल्याच माणसांना हवं होतं. हजार वस्तीच्या गावात असा रंगमंच असणं ही तिथे राहण्याच्या कारणांपैकी एक गोष्ट ठरते.

दुसरी झेप २०१७ ची. मुख्य रस्त्यावरची १८८० च्या दशकातली मून ब्लॉक ही लांबलचक व्यापारी इमारत सुमारे सत्तर लाख डॉलर खर्चून दुरुस्त झाली आणि ३ जून २०१७ रोजी माजी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी लॉरा बुश यांच्या हस्ते तिथे राष्ट्रीय विला कॅथर केंद्र सुरू झालं. आत संग्रहालय, कागदपत्रांचा संग्रह, अभ्यासिका, पुस्तकांचं दुकान. शिवाय तळमजल्यावर भाड्याने द्यायचे गाळे आणि वर राहायच्या सदनिका. मला या सगळ्यात त्या सदनिकांचं सर्वात जास्त मोल वाटतं. छोट्या गावात नवीन नोकरीवर आलेल्या शिक्षकाला किंवा नर्सला धड जागा मिळत नाही, म्हणून ती माणसं शेजारच्या मोठ्या गावात राहतात. इथे स्मारकाच्याच छताखाली माणसं राहतात, भाडं संस्थेला मिळतं आणि संध्याकाळी मुख्य रस्त्यावर खिडक्यांत दिवे असतात.

कॅथर कुटुंबाचं दुसरं घर फाउंडेशनने अतिथिगृह म्हणून चालवलं. रस्त्यावरच्या आणखी एका जुन्या इमारतीचं हॉटेल करण्याचं कामही संस्थेने हाती घेतलं. पर्यटक गावात रात्र काढत नसेल तर गावाला त्याच्याकडून तिकिटापलीकडे फारसं मिळत नाही, हे त्यामागचं सरळ गणित. गावाने वारसा पर्यटनासाठी वेगळा माणूस नेमला, आणि त्याच सुमारास मुलांसाठी चांगलं पाळणाघरही उभं केलं. या दोन गोष्टी वरवर पाहता एकमेकींशी संबंधित वाटत नाहीत. पण दुकान चालवायला तरुण जोडपं गावात यायला हवं, आणि ते येतं तेव्हा पहिला प्रश्न विचारतं तो मुलाला दिवसा कुठे ठेवायचं हा.

पडद्याशिवाय चाललेलं पर्यटन

शेजारच्या साउथ डकोटात डी स्मेट हे असंच प्रेअरीतलं गाव आहे, मुलांसाठी ‘लिटल हाउस’ ही पुस्तकं लिहिणाऱ्या लॉरा इंगल्स वाइल्डर यांचं. तिथे १९७१ पासून उन्हाळ्यात उघड्यावर नाटक होतं, आणि टीव्ही मालिकेने त्या पुस्तकांतल्या गोष्टी घरोघरी पोचवल्या. मुलांना घेऊन कुटुंबंच्या कुटुंबं येतात. रेड क्लाउडला हे दार बंद होतं. १९३४ मध्ये आपल्या एका कादंबरीवर निघालेला चित्रपट कॅथर यांना अजिबात रुचला नाही आणि त्यांनी मृत्युपत्रात नाटक-चित्रपट रूपांतरांना मनाई करून ठेवली. पत्रं छापायलाही बंदी होती, निवडक पत्रांचं पुस्तक आलं ते थेट २०१३ मध्ये.

यामुळे गर्दी कमी झाली हे खरं. पण जे येतात ते वाचून येतात, वेळ काढून येतात, पुन्हा येतात आणि देणगीही देतात. दरवर्षी वसंताच्या अखेरीस होणाऱ्या परिषदेला प्राध्यापक आणि साधे वाचक एकत्र बसतात. मून ब्लॉकचे सत्तर लाख डॉलर हजार वस्तीच्या गावातून निघणं शक्य नव्हतं. ते देशभर पसरलेल्या वाचकांमुळे उभे राहिले. जून २०२३ मध्ये वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये नेब्रास्कातर्फे कॅथर यांचा पुतळा बसला, लिटलटन ऑल्स्टन या शिल्पकाराने घडवलेला. रेड क्लाउडच्या मालकीची सर्वात मोठी ठेव म्हणजे हा वाचकांचा गोतावळा.

न नांगरलेली जमीन

न वाचलेल्या माणसाला काय दाखवायचं? गावाच्या दक्षिणेला आठ किलोमीटरवर याचं उत्तर आहे. सहाशेहून अधिक एकरांचा हा माळ कधीच नांगराखाली आला नाही. १९७४ मध्ये नेचर कन्झर्व्हन्सी या निसर्ग राखणाऱ्या संस्थेने तो विकत घेतला आणि २००६ मध्ये फाउंडेशनच्या हवाली केला. आता तो विला कॅथर स्मृती प्रेअरी म्हणून ओळखला जातो. सगळीकडे शेतं झालेल्या या मुलुखात मूळ गवत कसं दिसायचं ते इथे दिसतं.

माळ नुसता कुंपण घालून सोडला तर टिकत नाही. ईस्टर्न रेड सीडर हे झाड आग नसेल तर झपाट्याने पसरतं, त्याच्या दाट सावलीत गवत मरतं, आणि काही वर्षांत माळाचं रान होतं. पूर्वी विजेने आणि माणसांनी लावलेल्या आगी त्याला आवर घालायच्या. म्हणून झाडं तोडावी लागतात आणि अधूनमधून ठरवून वणवा लावावा लागतो. वाऱ्याची दिशा, हवेतला ओलावा बघायचा, कडेने पट्टा जाळून घ्यायचा, पाण्याच्या टाक्या घेऊन माणसं उभी करायची. जळून काळी झालेली जमीन दोन-तीन आठवड्यांत हिरवी होते, कारण ब्ल्यूस्टेम गवताचा जीव मुळांत असतो आणि ती मुळं माणसाच्या उंचीपेक्षाही खोल जातात. उन्हाळ्याच्या अखेरीस हेच गवत तांबूस होतं. पर्यटनाच्या पुस्तिकेत फोटो त्या तांबूस गवताचा असतो, पण माळ राखला जातो तो या राबण्यामुळे.

गावाच्या उत्तरेला ब्लेडन गावाजवळ पाव्हेल्का शेतघर आहे. ॲना सादिलेक ही झेक मुलगी १८८० मध्ये आईवडिलांबरोबर आली, पहिल्याच हिवाळ्यात वडिलांनी आत्महत्या केली, ती शेतावर राबली, गावात मोलकरीण म्हणून राहिली, पुढे लग्न करून इथे संसार केला. ‘माय अँटोनिया’तल्या, कॅथर यांच्या सर्वांत लाडक्या नायिकेचं मूळ तीच. घराबाहेर जमिनीत खणलेलं फळं साठवायचं तळघर अजून आहे. कादंबरीत मुलांचा घोळका त्या अंधारातून एकदम उन्हात उसळून बाहेर येतो. ज्यांनी वाचलंय त्यांना त्या बुटक्या दाराशी उभं राहून काही सांगावं लागत नाही.

जे अजून बसलेलं नाही

आता उणी बाजू. २०१० मध्ये गावात १,०२० माणसं होती, २०२० मध्ये ९६२. इतकं सगळं करूनही लोकसंख्या घटली. माझ्या मते यावरून पर्यटन फसलं असं म्हणणं चूक आहे. शेतीने सोडलेली माणसं संग्रहालय परत आणू शकत नाही. मुख्य रस्ता जिवंत राहिला, जुन्या इमारती पडल्या नाहीत, रंगमंच चालू आहे, हे त्याचं यश. लोकसंख्यावाढीचं आश्वासन देऊन पर्यटनाचे प्रकल्प मांडणाऱ्यांनी मात्र हे आकडे समोर ठेवावेत.

मोठी उणीव दुसरी आहे. गावाचं नाव ओग्लाला लाकोटा या मूळनिवासी लोकांच्या नेत्याचं, पण तो इथला नव्हता. हे खोरं पॉनी या दुसऱ्या मूळनिवासी लोकांचं. रेड क्लाउड आणि गाइड रॉक यांच्या दरम्यान नदीच्या दक्षिणेला त्यांचं मोठं गाव होतं. झेब्युलन पाइक हा लष्करी अधिकारी सप्टेंबर १८०६ मध्ये तिथे पोचला आणि स्पॅनिश झेंडा उतरवून अमेरिकेचा लावा असा आग्रह त्याने धरला. हा प्रसंग आपल्याकडे घडला म्हणून कॅन्ससने १९०१ मध्ये रिपब्लिक गावाजवळ स्मारकही उभारलं. पुढे ए. टी. हिल या मोटारविक्री करणाऱ्या हौशी पुराणवस्तू शोधकाने नेब्रास्कातल्या जागेवर उत्खनन करून दावा फिरवला. १९६४ मध्ये ही जागा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरली. जवळचाच पाहूर हा टेकाडाचा कडा पॉनींच्या पवित्र स्थानांपैकी एक. कॅन्ससमधल्या त्या जागीही पॉनींचं गाव होतंच, आणि तिथल्या संग्रहालयात एका मातीच्या घराची जमीन जशी सापडली तशी उघडी ठेवून तिच्याभोवती इमारत बांधली आहे. ते बघण्यासारखं आहे.

म्हणजे एका दिवसाच्या फेरीत दोन इतिहास हाताशी आहेत. पण प्रवाशाला ते जोडून कुणी देत नाही, कारण मध्ये राज्याची सीमा आहे, संस्था वेगवेगळ्या आहेत, आणि वसाहतकऱ्यांच्या धैर्याची गोष्ट सांगताना १८७० च्या दशकात पॉनींना ओक्लाहोमाकडे हलवलं गेलं हे मध्ये आलं की गोष्ट अवघड होते. ती अवघड व्हावी असंच मला वाटतं. ‘रिकाम्या’ माळावर माणसं आली हे वाक्य स्मृती प्रेअरीवर उभं राहून कुणी म्हणू नये.

यासाठी लागणारी माणसं अनोळखी नाहीत. ओक्लाहोमातल्या पॉनी राष्ट्राने जपलेलं मक्याचं जुनं बियाणं तिथल्या मातीत नीट येत नव्हतं, तेव्हा नेब्रास्कातले काही शेतकरी आणि बागकाम करणारे ते त्यांच्यासाठी मूळ भूमीत पिकवू लागले, आणि पॉनी लोक कापणीला येऊ लागले. हे काम वीसेक वर्षं चालू आहे. रेड क्लाउडने पुढचं दालन उघडायचं ठरवलं तर त्याची सुरुवात इथून व्हावी, आणि त्या दालनात काय सांगायचं हे ठरवणाऱ्यांत पॉनी माणसं पहिल्या बैठकीपासून असावीत.